तारीख वाढलीया की, मॅडम!

घटस्थापनेच्या अलीकडचा शनिवार. रात्रीचे सव्वानऊ. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलेलं, टेबलावर चहाचे कागदी कप एकात एक घालून ठेवलेले आणि इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याच्या फाइलमधल्या क्रेडिटर्सचे, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे त्यांचे, आकडे काही केल्या जुळत नव्हते. टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख दहा दिवसांवर आलेली. समोर आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणारी मुलगी बसली होती. तिनं स्क्रीनवरची नजर न काढता, अगदी सहज आवाजात म्हटलं, "मॅडम, तुम्ही जावा आता. उद्या तुमची लाँग राइड आहे ना."

बस्स, एवढंच.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान मनातल्या मनात तरी देता येतं. पण तिच्या बोलण्यात तसलं काही नव्हतं. ती खरंच काळजीनं बोलली होती. माझं वेळापत्रक तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं रिटर्नच्या तारखा आणि हिरव्या पेनानं माझे 'पोहणं', 'राइड', 'रन' तिनंच लिहिलेत. मी बॅग उचलली, "तू पण निघ लवकर" असं म्हटलं (हे वाक्य बॉस लोक जिना उतरताना म्हणतात, ते कुणी मनावर घेत नाही) आणि घरी येऊन झोपले. पावणेचारला उठून सायकल बाहेर काढली. सासूबाई जाग्याच होत्या. "अगं, सर्वपित्री अमावास्या आज. आजच्या दिवशी कुठं लांब निघालीस? पान वाढायच्या आत तरी येणार का?" येते म्हटलं. कागल ओलांडलं, निपाणी ओलांडली, तवंदी घाटाच्या पायथ्याशी गेले तेव्हा नुकतं फटफटायला लागलं होतं. घाट चढताना एरवी डोक्यात काही राहत नाही, श्वास आणि गिअर एवढंच उरतं. त्या दिवशी मात्र वरपर्यंत ते एकच वाक्य सोबत आलं.

गणित साधं होतं. गोव्याची हाफ आयर्नमॅन ९ नोव्हेंबरला, रविवारी. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. ऑडिटची तारीख ३० सप्टेंबर. म्हणजे मधे सव्वा महिना मोकळा. नाव नोंदवताना मी हा सव्वा महिना एखाद्या प्लॉटसारखा डोळ्यांसमोर आखून ठेवला होता. सप्टेंबरात जमेल तेवढं करायचं, शरीर नुसतं चालू ठेवायचं आणि ऑक्टोबरात मन लावून ट्रेनिंग. आमच्या धंद्यात महिना तारखांवर चालतो. सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं एक रिटर्न (जीएसटीआर-१), वीसला दुसरं (३बी), सप्टेंबरच्या पंधराला त्यात ॲडव्हान्स टॅक्स. त्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, जुलैअखेरची साधी रिटर्नसुद्धा सप्टेंबरच्या मध्यावर ढकलली गेली होती, त्यामुळे सगळी गाडी एकाच महिन्यात येऊन थडकली. पण तारीख म्हणजे तारीख. ती एकदा गेली की गेली. वीस वर्षं मी या भरवशावर जगत आलेय.

आठवड्याचे दिवस कसे जातात ते सांगण्यात फार मजा नाही. जो कोणी नोकरीधंदा करून हे करतो, त्याचं सारखंच असतं. पहाटे पोहणं किंवा पळणं, दिवसभर काम, संध्याकाळी जमलं तर ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल, आणि दहाला झोप, जी कधीच दहाला येत नाही. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ट्रेनिंगचा मोठा भाग 'झोन टू'मध्ये करायचा असतो, म्हणजे इतक्याच जोरात की माणसाला अखंड वाक्य बोलता यावं. धाप लागली की समजायचं, जास्त झालं. मला ही सोय फार आवडली, कारण बोलता येतं म्हणजे फोन घेता येतो. गॅलरीत ट्रेनरवर सायकल लावून मी सप्टेंबरात कितीतरी क्लायंटना कानात इअरफोन घालून उत्तरं दिली. वाक्य मधे तुटायला लागलं की गिअर कमी करायचा. घड्याळातल्या आकड्यांपेक्षा हे माप जास्त खरं. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला मात्र थोडा वेळ ऐकून म्हणाला, "मॅडम, मागं कसला आवाज ओ? शटललेस घेतला काय?" (म्हणजे धोट्याशिवाय चालणारा माग.) मी म्हटलं, हो, एकच घेतलाय, सेकंडहँड. त्याला ते खरं वाटलं. पुढच्या फोनला त्यानं सबसिडीचं विचारलं.

खरं काय ते त्याला सांगितलं नाही, याचं कारण आहे.

कोल्हापुरात हे खूळ नवीन नाही. राजाराम तलावावर पहाटे गेलात तर केशरी बोये (तरंगते फुगे) ओढत पोहणारी डझनभर माणसं दिसतील. काठावर कपडे सांभाळत बसलेला एखादा काका, युनिव्हर्सिटीच्या बाजूनं फिरायला आलेली माणसं, आणि पाण्यावर तो सकाळचा शेवाळाचा वास. यातले निम्मे डॉक्टर. डॉक्टर पोहत असला की पेशंटला बरं वाटतं, आपला डॉक्टर फिट आहे म्हणतो. मिलिंद सोमणनं २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पुरी केली तेव्हा पेपरांत फोटो आले. पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली केली, पाठोपाठ नाशिकचे पोलीस आयुक्त असताना रवींद्र सिंगल यांनी २०१८ साली केली, आणि सगळ्यांनी कौतुकानं विचारलं की एवढ्या मोठ्या जबाबदारीतून साहेब वेळ कुठून काढतात? हाच प्रश्न मलाही विचारतात. शब्द तेच, पण सूर वेगळा असतो. सप्टेंबरच्या मध्यावर सीए बाई सायकलवर दिसली, याचा अर्थ क्लायंट एकच काढतो की माझी फाइल अजून उघडलेली नाही. त्यातून बाई. घरचं कोण बघतं, हा त्या प्रश्नाचा न बोललेला अर्धा भाग. म्हणून मी स्टेटसला फोटो टाकत नाही, मेडल ऑफिसात टांगत नाही आणि टॅन लाइन झाकायला सप्टेंबरभर लांब बाह्यांचे कुर्ते घालते. हातावर मनगटाखाली पांढरा आणि वर काळा असा पट्टा पडला की बँकेतली मॅनेजरबाईसुद्धा विचारते, "गावाकडं शेतात असता का सुट्टीला?"

पोहायला मात्र मी खरंच शेतावर शिकले. पन्हाळ्याच्या बाजूला मामाची विहीर, पाठीला बांधलेला रिकामा डबा, आणि वरून ढकलून देणारा मामेभाऊ. तिथं कुणी स्ट्रोक शिकवत नाही, बुडायचं नाही एवढंच शिकवतात. त्या शिक्षणावर मी पुढं पस्तीस वर्षं काढली, मान पाण्याबाहेर ठेवून, बेडकासारखे पाय मारत. पहिल्यांदा तलावावर गेले तेव्हा कोच म्हणाला, "ताई, तुम्ही बुडणार नाही कधी, पण पोचणार पण नाही." चाळिशीच्या तोंडावर डोकं पाण्यात घालून श्वास सोडायला शिकणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दर तिसऱ्या हाताला मान वळवायची, तोंडाचा कोपरा पाण्याबाहेर काढायचा, आणि तेवढ्याशा फटीतून हवा घ्यायची. सुरुवातीला हवेऐवजी तलावच आत जायचा. महिलांची बॅच टँकवर दुपारी असते, आणि ती वेळ ज्यांनी ठरवली असेल त्यांच्या ओळखीत नोकरी करणारी एकही बाई नसावी. म्हणून तलाव. थंडीत पाण्यातून बाहेर आल्यावर दात वाजत असताना फोनच्या स्क्रीनवर बोटं उमटत नाहीत, आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी ओटीपी येतो.

या खेळाची सुरुवात मला फार आवडते. १८ फेब्रुवारी १९७८, हवाईतलं ओआहू बेट. तिथं समुद्रात पोहण्याची एक शर्यत होती, बेटाभोवती सायकलची एक होती आणि मॅरेथॉन होतीच. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्यानं तिन्ही सलग जोडल्या. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर टॅक्सी चालवायचा. स्वतः कॉलिन्सला सतरा तास लागले, आणि वाटेत थांबून तो चक्क जेवला. म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून ही नोकरदारांची शर्यत आहे. पगारी खेळाडू नंतर आले. आणि तो दिवस शनिवार होता, हे मी मुद्दाम कॅलेंडर उघडून बघितलं. रविवार अंग शेकायला मोकळा. आमची गोव्याची रविवारी असते आणि सोमवारी ऑफिस. असो.

माझी आर्टिकलशिप झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता दोनच वर्षांची आहे. आमचे सर ऑफिसातून कधी घरी गेलेले मी पाहिले नाहीत. म्हणजे जात असणार, पण आम्ही जायच्या आधी नाही. सप्टेंबरात रात्री अकराला ते स्वतः खाली जाऊन आमच्यासाठी मिसळ नाहीतर भडंग आणायचे आणि परत येऊन व्हाउचर टिक करत बसायचे. स्टायपेंड इतका होता की महिन्याचा बसपास काढून उरलेल्यात एक ड्रेस येत नसे. पण सर बसलेत, म्हणून आपणही बसायचं, यात काही अन्याय आहे असं कधी वाटलं नाही. त्यांना पुढं बायपास झाली, शुगर झाली. शेवटी शेवटी जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून खाली बघत उभे राहायचे, काहीतरी विसरल्याचं नाटक करत. मी सायकल घेतली ती त्यांच्या तेराव्यानंतर महिन्याभरात. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळं मला नेहमी वाटत आलं की मी त्यांच्यापेक्षा शहाणी बॉस आहे. मी वेळेत निघते, झोपते, हृदयाची काळजी घेते, पोरांपुढं चांगलं उदाहरण ठेवते.

पण ते पोरांच्या आधी जात नव्हते. मी जाते.

आम्हा लोकांना पहिल्या वर्षी पहिली गोष्ट शिकवतात ती ही की कुठलीही नोंद एकटी नसते. एका खात्याला नावे टाकलं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्याला जमा झालंच पाहिजे. आठवड्याचे दहा तास मी ट्रेनिंगला देते असं म्हणते. कुणाच्या खात्यातून? थोडे माझ्या झोपेतून. थोडे नवऱ्याच्या, तो रविवारी सकाळी मुलाला घेऊन क्लासला जातो आणि येताना मटण आणतो, आणि गेल्या दोन वर्षांत आम्ही दोघांनी रविवारी एकत्र चहा घेतल्याचं मला आठवत नाही. थोडे सासूबाईंच्या. त्या रोज विचारतात, "मागं कोण लागलंय का गं तुझ्या?" आणि तरी पळून आल्यावर ताटात गरम भाकरी असते. हे सगळं माहीत होतं, याची बोलणी घरात झालेली होती, भांडणंही. शनिवारी रात्री सव्वानऊनंतरच्या तासांची नोंद मात्र मी कुठंच केलेली नव्हती. सुताचे क्रेडिटर्स रविवारी सकाळी जुळलेले होते. मेल आला होता रात्री अकरा सदतीसला.

दसऱ्यानंतर एकदा दुपारी डबा खाताना मी तिला सहज विचारल्यासारखं करून विचारलं की तुला खेळायची काही आवड आहे का. ती कागलच्या पुढच्या एका गावातली. शाळेत आठशे मीटर पळायची, जिल्ह्याला गेली होती. नंबर आला होता का, तर म्हणाली तिसरा, आणि मग दुरुस्ती केली, तिसरा नाही, चौथा, तिसऱ्या नंबरच्या मुलीनं लेन कापली होती. इतक्या वर्षांनी तिला ती लेन आठवत होती. "मग आता पळत नाहीस?" "पळते की रोज. साडेनऊची एसटी गाठायला." आणि हसली. मीही हसले, पण माझ्या घशात भात अडकला. जानेवारीत तिची फायनल आहे. ती पहाटे चार वाजता उठते, मीसुद्धा. ती उठून इनडायरेक्ट टॅक्सचं पुस्तक उघडते. मी म्हटलं, उद्यापासून सातनंतर कुणी थांबायचं नाही. तिनं मान डोलावली, आणि लगेच व्यवहारी प्रश्न विचारला, "आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचं स्टॉक व्हॅल्युएशन?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो नियम काही दिवस टिकला. नीट सांगायचं तर, पुढची तारीख जवळ येईपर्यंत टिकला.

कारण मधल्या काळात तारीख वाढली होती.

२५ सप्टेंबरला, भर नवरात्रात, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं (सीबीडीटी) ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर केली. प्राप्तिकराचं पोर्टल चालत नव्हतं, फॉर्म्स उशिरा आले होते, काही उच्च न्यायालयांनी आदेश दिले होते. आमच्या संघटना महिनाभर निवेदनं देत होत्या. त्यातल्या एका निवेदनावर माझीही सही आहे. देशभरातल्या सीएंनी त्या संध्याकाळी सुटकेचा श्वास टाकला, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी एकटीच अशी असेन जी ट्रेनरवर बसून ती बातमी वाचत होती आणि जिचे पाय थांबले. माझा सव्वा महिना गेला. क्लायंटला ३० तारीख सांगितली की तो २८ला कागद आणतो. ३१ ऑक्टोबर सांगितली की दिवाळी करून, फराळ करून, पाहुणे वाटेला लावून मग २९ला आणतो. माणसाच्या स्वभावाला मुदतवाढ देऊन काही उपयोग होत नाही, हे दिल्लीत कुणाला सांगणार? तरीही मी मनाशी म्हटलं, चला, ३१ तर ३१. नंतरचे आठ दिवस तरी मोकळे. शर्यतीआधी ट्रेनिंग कमी करतच आणायचं असतं. झोपायचं, हलकं पोहायचं, पाय ताजे ठेवायचे. आठ दिवस पुरतील.

२९ ऑक्टोबरला पुन्हा वाढली. १० नोव्हेंबर.

शर्यत रविवारी ९ तारखेला. मुदत सोमवारी १० तारखेला. मी कॅलेंडरपुढं उभी राहिले. हिरवं आणि लाल शेजारी शेजारी. आर्टिकलच्या मुलीनं काही न बोलता लाल पेन उचललं, ३१चा गोल खोडला आणि १०वर नवा काढला. तेवढ्यात हुपरीच्या चांदीवाल्यांचा फोन, आवाजात लग्न ठरल्याचा आनंद. "तारीख वाढलीया की, मॅडम! आता निवांत करूया." मी म्हटलं, काका, निवांत नको, उद्याच आणा सगळं. "असं का ओ? सरकार म्हणतंय निवांत, आणि तुम्हीच गडबड करायलाय?" त्यांना काय सांगू, की मला गोव्यात मिरामारला जायचंय. मी म्हटलं, पोर्टल बंद पडेल. हे कारण कधीच खोटं ठरत नाही.

फाइल बाहेरून कुणी करू शकतं, पण सही माझी. ऑडिट रिपोर्ट अपलोड करायला माझं डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लागतं, यूडीआयएन (सीएच्या सहीच्या कागदाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो, आणि मी अपलोड केल्यावर क्लायंटनं त्याच्या लॉगिनमधून तो रिपोर्ट स्वीकारावा लागतो. तो स्वीकारेपर्यंत काहीच झालेलं नसतं. डोंगल असिस्टंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारे माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत. मी ठेवत नाही. उद्या काही झालं तर नाव त्या पोरीचं नाही, माझं जाणार, पण निस्तरायला तिलाच बसवतील. म्हणून शुक्रवारी गाडीला सायकल बांधून आंबोलीमार्गे निघालो तेव्हा माझ्या पाऊचमध्ये सहा एनर्जी जेल, मिठाच्या गोळ्या, गुळाचे दोन खडे आणि डोंगल एकत्र होतं. नवरा म्हणाला, "शर्यतीत चुकून ते डोंगल चावू नको."

सायकल शनिवारीच जमा करावी लागते, रविवारी सकाळी आणलेली चालत नाही. मिरामारच्या वाळूशेजारी शेकडो सायकली दांड्यांना लटकवून ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर नंबर, एकेक सायकल माझ्या पहिल्या गाडीपेक्षा महाग. मी माझी लावली, चाकातली थोडी हवा काढली (उन्हात ट्यूब फुटते म्हणून), आणि खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. त्या रात्री तीन रिपोर्ट अपलोड केले. शेवटचा सुताचाच. कलम ४३बी(एच) म्हणजे लहान उद्योगांचे पैसे मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो. त्याची रक्कम चांगलीच मोठी निघत होती, आणि व्यापाऱ्याचं म्हणणं, सूत बाजारात पंचेचाळीस दिवसांत कोण पैसे देतं? तो चुकीचं बोलत नव्हता. कायदाही चुकीचं बोलत नव्हता. साडेनऊला मुलीचा मेसेज आला, "मॅडम, वर्किंग परत चेक केलंय, बरोबर आहे. झोपा." त्याखाली एक पळणाऱ्या बाईचा इमोजी. ऑफिसातूनच पाठवला होता की घरून, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

समुद्राबद्दल मला वाटलं होतं की तिथं तरी डोकं रिकामं होईल. लोक तसं सांगतात. पाचसहा जणांच्या गटानं शिट्टीवर आत सोडतात, पहिल्या लाटेला तोंडात खारट पाणी, चष्म्यात पाणी, कुणाची तरी टाच कपाळावर. विहिरीत शिकलेलं तेच कामाला आलं, बुडायचं नाही. पहिल्या पिवळ्या बोयेला वळसा घातला, श्वास लागला, हात एका तालात पडायला लागले, आणि त्या तालात मला स्वच्छ आठवलं की सुताच्या फाइलमधल्या त्या रकमेतून मार्चमध्ये दिलेला एक चेक वजा करायचा राहिलाय का? अर्धा किलोमीटर मी ते लेजर डोळ्यांपुढं उलगडत पोहले. एप्रिल, मे, जून... डिसेंबरला पोचले तेव्हा दुसरा बोया आला. फेब्रुवारीला किनारा दिसला. चेक धरलेला होता. वाळूवर पाय टेकले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की काठावरच्या बाईनं टाळ्या वाजवत म्हटलं, "बघा, कशी हसत आली!"

सायकलवर तवंदीचा घाट कामाला आला, आणि पळताना काही म्हणजे काही कामाला आलं नाही. नोव्हेंबरातही गोव्याचं ऊन दहा वाजल्यानंतर अंगावर बसतं. हवेत इतका ओलावा की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय दुसऱ्या कुणाचे तरी लावून दिल्यासारखे वाटतात, त्याची सवय होते म्हणतात, होत नाही. दोनापावलाच्या बाजूला एका टेबलावर शाळेतली पोरं बर्फ वाटत होती. टोपीत बर्फ घालून ती डोक्यावर दाबली की डोळ्यांवरून थंड धार उतरते आणि ती हनुवटीला पोचेपर्यंत कोमट होते. तेवढ्या अंतरात जे सुख आहे, त्याच्यापुढं रिफंड काही नाही. मी निम्मं चालले. साडेआठ तासांच्या आत पोचले, फार आत नाही. नवऱ्यानं मेडल हातात घेऊन वजन बघितलं आणि फोन पुढं केला. त्यात चौदा मिस्ड कॉल.

सोमवारी सकाळी ऑफिसचा जिना उलटा चढले. पाठमोरी, कठड्याला धरून, कारण मांड्या पुढून वाकत नव्हत्या. मधल्या पायरीवर थांबावं लागलं. आर्टिकलची पोरं वरून बघत होती. कुणी हसलं नाही, एकानं खुर्ची ओढून दिली, आणि मुलीनं राहिलेल्या फाइलींची यादी पुढं ठेवली. सगळं माझ्या बाजूनं अपलोड झालेलं. फक्त हुपरीच्या काकांनी रिपोर्ट स्वीकारलेला नव्हता. पोर्टल दुपारपासून गरगर फिरत होतं. चार वाजता ते एकदाचं उघडलं आणि मी काकांना फोन लावला.

"काका, तुमच्या मोबाइलवर आता सहा आकडी नंबर आलाय बघा, तेवढा सांगा."

"आलाय की. पण मॅडम, परत वाढणार म्हणत्यात तारीख."

"नाही वाढणार. नंबर सांगा."

थोडा वेळ पलीकडं शांतता. मागं चांदीवर हातोडी पडल्याचा बारीक आवाज.

"मॅडम, रागावू नका. पण ओटीपी कुणालाबी सांगू नका असं बँकवाले रोज मेसेज पाठवत्यात ओ."